कोण चुकले आणि का चुकले

चि. मनूस,


तुझ्या आईचे आणि माझे परवा फोनवर बराच वेळ बोलणे झाले. विषय अर्थात तूच. अहमदाबादच्या अपघातापासून तिच्या मनाने घेतले आहे की तू विमान दुरुस्तीचे शिक्षण सोडावेस आणि तलासरीत नाहीतर डहाणूत एखादी साधी नोकरी बघावीस. तू विमानात बसशील आणि ते पडेल, ही भीती तिला नाही. ती म्हणाली, "उद्या एखादे विमान पडले आणि कागदावर हिची सही निघाली, तर हिलाच धरून नेतील ना?"

प्रश्न नेमका आहे. दुरुस्ती झाली की परवानाधारक इंजिनिअर सही करतो आणि त्या सहीशिवाय विमान हँगरबाहेर जात नाही. दोन-तीन वर्षांत ती सही तुझी असेल. तेव्हा तिच्या प्रश्नाला नीट उत्तर दिले पाहिजे. आपल्या भागातल्या आणखी आईबापांना हाच प्रश्न पडत असेल, म्हणून हे पत्र मी छापायलाही देते आहे. तू आईला मोठ्याने वाचून दाखव.

आधी अहमदाबादचेच बोलू. १२ जून २०२५ ला लंडनला निघालेले एअर इंडियाचे बोइंग ७८७ उडाल्यावर अर्ध्या मिनिटात बी. जे. मेडिकल कॉलेजच्या वसतिगृहावर कोसळले. विमानातल्या २४२ जणांपैकी एक वाचला आणि जमिनीवरची १९ माणसे गेली. महिन्याभराने प्राथमिक अहवाल आला. त्यात लिहिले होते की दोन्ही इंजिनांच्या इंधनाचे स्विच एका सेकंदाच्या अंतराने 'रन'वरून 'कटऑफ'वर गेले. एक वैमानिक दुसऱ्याला विचारतो, इंधन का बंद केलेस. दुसरा म्हणतो, मी नाही केले. एवढ्या दोन वाक्यांवरून लोकांनी आरोपी ठरवूनही टाकला. गेलेल्या कॅप्टनच्या वृद्ध वडिलांना सर्वोच्च न्यायालयात जावे लागले आणि नोव्हेंबरात न्यायालयाला सांगावे लागले की त्या अहवालात वैमानिकावर ठपका ठेवलेला नाही. ज्याचा मुलगा गेला त्या बापाला हे ऐकण्यासाठी कोर्टाची पायरी चढावी लागली, याचे मला फार वाईट वाटले.

अपघात झाला की आपण पहिल्यांदा 'कोण?' असे विचारतो. तुझ्या आईनेही तेच विचारले. विमान अपघाताचा तपास करणाऱ्यांनी मात्र कित्येक वर्षांपूर्वी ठरवले की आपण 'का?' हे विचारायचे. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या करारातल्या परिशिष्ट १३ मध्ये हे स्पष्ट लिहिले आहे: तपास पुढचा अपघात टाळण्यासाठी आहे, दोष वाटून देण्यासाठी नाही. आपल्याकडच्या तपासाच्या नियमांतही तेच तत्त्व आहे. त्यासाठी २०१२ मध्ये विमान अपघात तपास ब्युरो उभा राहिला. तोवर विमानांवर देखरेख ठेवणारे डीजीसीए आणि अपघाताचा तपास करणारे डीजीसीए एकच होते. हे वेगळे करायला आपल्याला इतका उशीर लागायला नको होता.

'का' विचारले की काय हाती लागते ते बघ. १ जानेवारी १९७८ च्या रात्री एअर इंडियाचे 'सम्राट अशोक' हे जंबो विमान सांताक्रूझहून दुबईला निघाले आणि दोन मिनिटांच्या आत वांद्र्यासमोरच्या समुद्रात पडले. २१३ माणसे गेली. कॅप्टन अनुभवी होते. किनारा ओलांडून त्यांनी विमान उजवीकडे वळवले आणि मग सरळ केले. पण विमान किती कलले आहे हे दाखवणारे त्यांच्या समोरचे यंत्र उजव्या कलावरच अडकून राहिले. खाली काळा समुद्र, समोर काळे आकाश, शहराचे दिवे मागे पडलेले. डोळ्यांना आधार म्हणून त्या यंत्राशिवाय काही नव्हते. यंत्र म्हणते विमान उजवीकडे कलले आहे, म्हणून ते डावीकडे नेत राहिले, सरळ असलेले विमान डावीकडे कलंडत गेले. तेच दाखवणारी आणखी यंत्रे कॉकपिटमध्ये होती. फ्लाइट इंजिनिअरने दुसऱ्या यंत्राकडे लक्ष वेधायचा प्रयत्नही केला. पण तोवर हातात सेकंदच उरले होते.

आता यात 'कोण' शोधायचे म्हटले तर कॅप्टनचे नाव घेऊन फाइल बंद करता येते. 'का' शोधले तर चार गोष्टी दिसतात. बिघडलेले यंत्र, क्षितिज न दिसणारा अंधार, एकाच यंत्रावरचा विश्वास आणि तिघांनी एकमेकांशी वेळेत न बोलणे. यातली एखादी गोष्ट नसती तरी ती माणसे कदाचित दुबईला पोचली असती. म्हणून कुणी 'अपघाताचे कारण' असे एकवचनात बोलले की मी सावध होते.

जुन्नरच्या डोंगरावर १९६२ च्या जुलैत अलिटालियाचे विमान आदळले ते असेच. सिडनीहून निघालेले विमान बँकॉकहून मुंबईला येत होते. रात्र, पावसाळी ढग, आणि वैमानिकाला वाटले त्यापेक्षा मुंबई अजून बरीच लांब होती. तो लवकर खाली उतरू लागला आणि दावंड्याचा डोंगर आडवा आला. ९४ जण गेले. जगभर असे अपघात इतके झाले की पुढे जमीन जवळ आल्याची सूचना मोठ्याने देणारे यंत्र विमानात सक्तीचे झाले. १९९६ मध्ये चरखी दादरीवर दोन विमाने हवेत धडकली, ३४९ माणसे गेली. त्यानंतर समोरून येणाऱ्या विमानाचा इशारा देणारे यंत्र भारतात येणाऱ्या विमानांना बंधनकारक झाले, दिल्लीला येणारे आणि जाणारे मार्ग वेगळे झाले. आज पारनाक्याच्या किनाऱ्यावर उभे राहून तू वर बघतेस तेव्हा जी विमाने एकामागोमाग जाताना दिसतात, ती या माणसांच्या मरणातून आलेल्या यंत्रांवर विसंबून जातात.

आता आपल्या समुद्राकडे ये. १३ जानेवारी २०१८, शनिवार, भोगी. त्या सकाळी जुहूहून पवनहंसचे डॉफिन हेलिकॉप्टर ओएनजीसीच्या समुद्रातल्या तेलक्षेत्राकडे निघाले. दोन वैमानिक आणि ओएनजीसीचे पाच अधिकारी. साडेदहाच्या सुमारास संपर्क तुटला आणि अवशेष सापडले ते डहाणूच्या बाजूच्या समुद्रात. सातही जण गेले. त्याच दिवशी, दुपार व्हायच्या आत, डहाणूच्या किनाऱ्यापासून थोड्या अंतरावर शाळकरी मुलांना फिरवायला नेलेली बोट उलटली. चाळीसेक मुले होती. मच्छीमारांनी आणि तटरक्षक दलाने बहुतेकांना बाहेर काढले, तीन मुली गेल्या. मुले एका बाजूला सरकली, अंगात लाइफ जॅकेट नव्हती, माणसे जास्त भरली होती, असे तेव्हा बातम्यांत आले. तू तेव्हा शाळेत होतीस, तुला आठवत असेल. दुसऱ्या दिवशी संक्रांतीला गावात कुणाच्या तोंडून तिळगूळ घ्या, गोड बोला हे शब्द निघेनात.

एकच समुद्र, एकच सकाळ. हेलिकॉप्टरसाठी नौदलाची जहाजे आली, तटरक्षक दलाची विमाने आली, पाण्याच्या तळातून आवाजाची आणि उड्डाणाची नोंद ठेवणारे यंत्र शोधून वर काढले गेले आणि तपास ब्युरोकडे गेला. शेवटची मिनिटे एकेक सेकंद करून तपासायची पद्धत ठरलेली होती. बोटीचे काय झाले? गुन्हा दाखल झाला, बोटवाल्यांना अटक झाली. ते योग्यच. पण बोटीत किती जण बसवता येतात हे कोण ठरवते, किनाऱ्यावर ते कोण मोजते, लाइफ जॅकेट होती का, असली तर अंगात का नव्हती, आणि सहलीला नेण्यापूर्वी शिक्षकाने काय तपासायचे? मी आयुष्यभर शाळेत शिकवले. या प्रश्नांच्या उत्तरांचा एखादा कागद शाळांतून वाटला गेलेला मी पाहिला नाही. तिन्ही मुलींची नावे गावाला पाठ आहेत. कारणे कुणाला माहीत नाहीत. हे मला आजही सहन होत नाही.

ओएनजीसीच्या फेऱ्यांवरचा तो शेवटचा अपघातही नव्हता. २८ जून २०२२ ला 'सागर किरण' रिगजवळ आणखी एक हेलिकॉप्टर पाण्यात उतरले. नऊ जणांपैकी चार गेले, पाच वाचले. पाण्यावर हेलिकॉप्टर उलटते, कारण इंजिनाचे वजन वरच्या बाजूला असते. म्हणून त्याला पाण्यावर तरंगवणारे फुगे लावतात आणि रिगवर जाणाऱ्यांना उलट्या केबिनमधून पाण्याखालून बाहेर पडायला शिकवतात. ते फुगे वेळेत फुगले पाहिजेत, आणि ते तपासून ठेवण्याचे काम तुमच्या लोकांचे.

तुझ्या कामाचे उदाहरण मी मुद्दाम मागे ठेवले होते. १० जून १९९० ला इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमहून निघालेल्या विमानाची कॉकपिटची काच १७ हजार फुटांवर उडून गेली आणि कॅप्टन अर्धा बाहेर ओढला गेला. कर्मचाऱ्यांनी त्याचे पाय धरून ठेवले, सहवैमानिकाने साउदम्प्टनला विमान उतरवले आणि सगळे जगले, कॅप्टनसुद्धा. आदल्या दिवशी पहाटे, रात्रपाळीत ती काच नवी बसवली होती. ९० बोल्टपैकी ८४ बोल्ट हवे त्यापेक्षा जेमतेम ०.६६ मिलिमीटर बारीक होते, उरलेले सहा आखूड. बसवणारा माणूस नवशिका नव्हता, त्या पाळीचा प्रमुख तोच होता. पहाटेची वेळ, माणसे कमी. त्याने काढलेला बोल्ट हातात धरला आणि स्टोअरमधल्या अपुऱ्या उजेडात डोळ्यांनी त्याच्याशी जुळणारा शोधला. सुट्या भागांचे पुस्तक उघडले नाही. काढलेले बोल्टही मुळात चुकीच्याच मापाचे होते, फक्त तोवर धरून राहिले होते. या कामाला दुसऱ्या कुणी तपासण्याची अट नव्हती, त्यामुळे कुणी पाहिलेही नाही.

त्या तपासाचा अहवाल मिळाला तर जरूर वाच. तपास करणाऱ्यांनी त्या माणसाला निष्काळजी म्हणून विषय संपवला नाही. स्टोअरमधला दिवा पाहिला, बोल्ट ठेवायच्या कप्प्यांवरच्या चिठ्ठ्या पाहिल्या, रात्रपाळीला किती माणसे होती ते पाहिले, काच आतून बसणारी असती तर काय झाले असते हे पाहिले, आणि बाकीचे लोकही पुस्तक न बघताच काम उरकतात का, हेही विचारले. त्या एका माणसाला काढून टाकले असते तर दिवा तसाच अपुरा राहिला असता आणि पुढच्या रात्री त्याखाली दुसरा कुणी उभा राहिला असता.

जपानचे उदाहरण याहून वाईट आहे. १२ ऑगस्ट १९८५ ला जपान एअरलाइन्सचे जंबो विमान डोंगरात पडून ५२० माणसे गेली. सात वर्षांपूर्वी त्या विमानाची शेपटी धावपट्टीला घासली होती आणि केबिनमधला हवेचा दाब धरून ठेवणाऱ्या मागच्या भिंतीची दुरुस्ती केली होती. जोडपट्टी जशी हवी होती तशी न बसवता दोन तुकड्यांत बसवली. जिथे रिव्हेटच्या दोन ओळींनी भार घ्यायचा, तिथे तो एकाच ओळीवर आला. वरून सगळे ठीक दिसत होते. सात वर्षे ते विमान लोकांना घेऊन उडत राहिले आणि मग ती भिंत फाटली. तुझ्या हातून झालेले काम तू विसरून जाशील तेव्हाही ते विमान उडत असेल. आईच्या प्रश्नातली खरी धास्ती ही आहे, आणि ती तुला वाटलीच पाहिजे.

पण धास्ती असलेला माणूस दोन गोष्टी करू शकतो: लपवू शकतो किंवा सांगू शकतो. सगळी विमानसुरक्षा यावर उभी आहे. ज्या हँगरमध्ये "माझ्याकडून चुकीचा बोल्ट लागला" म्हणणाऱ्याला घरी पाठवतात, तिथे पुढचा माणूस तोंड उघडत नाही, आणि तो बोल्ट विमानासोबत आकाशात जातो. म्हणून चूक सांगणाऱ्याला शिक्षा नको, हे तत्त्व. याचा अर्थ बेफिकिरीला माफी, असा नाही. दारू पिऊन काम करणाऱ्याला, न पाहता सही करणाऱ्याला कायदा आहेच आणि असावाच.

सांगणे आपल्याला जड जाते. तलासरीतल्या घरात, आमच्या शाळेत, सगळीकडे आपण लहानांना हेच शिकवतो की मोठ्यांच्या पुढे बोलू नये. २२ मे २०१० ला मंगळुरूला काय झाले ते ऐक. दुबईहून येणाऱ्या विमानाचे कॅप्टन वाटेत बराच वेळ झोपले होते. उतरताना विमान फार उंच आणि फार वेगात होते. सहवैमानिकाने एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा सांगितले, उतरू नका, परत वर घ्या. कॅप्टनने ऐकले नाही, आणि सहवैमानिकाला तसा अधिकार देणाऱ्या सूचना संदिग्ध होत्या, बहुधा म्हणून त्याने विमान हातात घेतले नाही. धावपट्टीपुढे दरी होती. १६६ पैकी १५८ जण गेले. १९७७ मध्ये टेनेरिफला दोन जंबो धावपट्टीवरच एकमेकांवर आदळली, ५८३ माणसे गेली. तिथेही डच विमानातल्या फ्लाइट इंजिनिअरने शंका विचारली होती, समोरचे विमान बाजूला झाले ना? ज्येष्ठ कॅप्टनने ठामपणे हो म्हटले आणि तो गप्प बसला. त्यानंतर जगभर वैमानिकांना एकमेकांना टोकायचे प्रशिक्षण देऊ लागले. कनिष्ठाने बोलायचे आणि ज्येष्ठाने ऐकायचे, हे दोन्ही शिकवावे लागते.

१९८८ मध्ये हवाईत अलोहा एअरलाइन्सच्या विमानाचे छतच उडाले होते. एका प्रवासी बाईला चढतानाच दाराजवळ तडा दिसला होता. ती काही बोलली नाही. त्या अपघातात एका हवाई सेविकेचा जीव गेला. मला त्या प्रवासी बाईला दोष द्यायचा नाही. तिला वाटले असेल, एवढ्या शिकलेल्या लोकांनी पाहिलेच असेल. माझ्या ओळखीत असे वाटणारी माणसे खूप आहेत.

कोळिकोडचा अपघात, ७ ऑगस्ट २०२०, आपल्या नागपूरच्या कॅप्टन दीपक साठेंमुळे मराठी घरांत अजून आठवतो. हवाई दलातला नाणावलेला माणूस. रात्र, मुसळधार पाऊस, मागून ढकलणारा वारा, डोंगरमाथ्यावरची धावपट्टी. विमान धावपट्टीवर फार पुढे टेकले आणि खाली कोसळले. कॅप्टन साठे, सहवैमानिक आणि प्रवासी मिळून २१ जण गेले. अहवालाने वैमानिकाने नियमाप्रमाणे परत वर न जाण्याला कारण म्हटले, आणि ते मान्य केले पाहिजे. पण त्याच अहवालात आणखी दोन गोष्टी आहेत. उतरण्याच्या पहिल्या प्रयत्नात कॅप्टनच्या बाजूचा वायपर बंद पडला होता. आणि दुसऱ्या दिवशी सकाळचे विमानही त्यांनाच न्यायचे होते, कारण कोळिकोडला कॅप्टन अपुरे होते. वायपर हँगरमधला आणि कॅप्टनांची टंचाई कार्यालयातली. त्यामुळे "वैमानिकाची चूक" एवढेच लिहून विषय संपवणाऱ्यांवर मी विश्वास ठेवत नाही.

तुझ्यावरही असा दबाव येईल. विमान वेळेत सोडायचे आहे, प्रवासी खोळंबलेत, एवढे काय मनावर घेतेस, कर सही. त्या वेळी तुला तलासरीहून आलेली म्हणून कुणी कमी लेखले तरी सही अडवून धर. स्नॅग, म्हणजे बिघाड, दिसला की नोंदवहीत लिही. टॉर्क रेंचचा आकडा पुस्तकात बघून लाव, पाठ असला तरी बघ. एखादे हत्यार मोजताना कमी भरले तर ते सापडेपर्यंत विमान सोडू नको. आणि तुझ्या हातून काही राहिले असे घरी आल्यावर आठवले, तर रात्री दोन वाजताही फोन कर.

आपल्याकडे 'का' विचारायची ही सवय फक्त विमानांपुरती का, हे मला कळत नाही. ४ सप्टेंबर २०२२ ला चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्रींची गाडी आदळली आणि देशभर मागच्या सीटच्या पट्ट्याची चर्चा झाली. त्या महामार्गावर त्याआधीही आपली माणसे मरत होती, गुन्हे दाखल होत होते, ड्रायव्हर आरोपी होत होते. पुलाच्या तोंडाशी रस्ता कसा अरुंद होतो हे लोकांनी पाहिले ते मोठा माणूस गेला तेव्हा.

आता वाढवण बंदराजवळ मुंबईसाठी आणखी एक विमानतळ करण्याची घोषणा सरकारने केली आहे. त्याबद्दल मच्छीमारांचे जे म्हणणे आहे ते रास्त आहे आणि त्यावर वेगळे लिहीन. पण तो झाला, तर तिथल्या हँगरमध्ये परवाना असलेल्या मुली डहाणू-तलासरीच्या हव्यात, नुसत्या झाडूकामाला नव्हेत.

तेव्हा ताई, तुझ्या प्रश्नाचे उत्तर हे. हो, तिची सही निघेल, आणि तिला विचारतीलही. तिने पाहून, पुस्तकाप्रमाणे, नोंद ठेवून सही केली असेल तर ती खाली मान घालणार नाही. शिवाय ज्या थोड्या ठिकाणी आपल्या देशात 'कोण'च्या आधी 'का' विचारतात, त्यातल्या एका ठिकाणी ती काम शिकते आहे. तिला माघारी बोलावू नकोस.

आणि मनू, दिवाळीत येशील तेव्हा एक दिवस मला दे. १३ जानेवारीची ती बोट का उलटली, हे आपल्या शाळेतल्या नववी-दहावीच्या मुलांना तू तुमच्या पद्धतीने समजावून सांग. बोटीत किती माणसे, वजन कुठे, जॅकेट कशी घालायची, कुणाला काय विचारायचे. मुख्याध्यापकांशी मी बोलून ठेवले आहे, बंदरावरचे दोन तांडेलही येतो म्हणालेत. लाइफ जॅकेट मी मागवून ठेवते.

तुझी,
मावशी
डहाणू